आदित्यपाक

भिक्खूच्या पुढ्यात आंबा आला तरी त्याला तो तसाच उचलून खाता येत नसे. फळात बी असते, बीमध्ये झाड असतं, आणि झाडाला इजा करायला भिक्खूला मनाई. मग फळ खायचं कसं? पाली विनयपिटकात यावर पाच तोडगे दिले आहेत. फळाला विस्तवाची धग लागलेली हवी, नाहीतर सुरीचा छेद, नाहीतर नखाची खूण. किंवा फळात बी धरलेलीच नसावी, किंवा धरलेली बी काढून टाकलेली असावी. यातलं काहीही एक झालं की फळ 'कप्पिय' होतं, म्हणजे खायला योग्य ठरतं. हे काम भिक्खूनं स्वतः करायचं नाही, गृहस्थानं करून द्यायचं. श्रीलंकेत आणि थायलंडात ही रीत आजही पाळतात. भिक्खू म्हणतो, 'कप्पिय कर'. समोरचा माणूस संत्र्याच्या सालीत नख रुतवतो आणि म्हणतो, 'कप्पिय झालं, भंते'.

या यादीत विस्तव पहिला आहे, पण तो एकटा नाही. करंगळीचं नख त्याच्याच पंगतीला बसलं आहे. स्वयंपाक म्हणजे चूल, आणि चुलीवर न चढलेलं ते 'कच्चं', अशी आपली समजूत पक्की असते. तिला इथं पहिला तडा जातो.

दुसरा तडा पेयांच्या नियमात आहे. माध्यान्ह टळल्यावर भिक्खूनं जेवायचं नाही, पण फळांचं गाळलेलं पाणी चालतं. अशी आठ पेयं विनयाच्याच महावग्गात मोजून दिली आहेत : आंबा, जांभूळ, केळ्याचे दोन प्रकार, मध, द्राक्ष, कमळकंद आणि फालसा. पाचव्या शतकात बुद्धघोषानं श्रीलंकेत बसून विनयावर 'समंतपासादिका' नावाची टीका लिहिली. तिच्यात या पेयांविषयी आणखी एक बारकावा येतो. ती थंड पाण्यात करावीत किंवा उन्हात तापवावीत, विस्तवावर ठेवू नयेत. उन्हात तापवलेल्याला तिथला शब्द आहे 'आदिच्चपाक'. संस्कृतात आदित्यपाक, म्हणजे सूर्यानं शिजवलेलं.

त्याच पाचव्या शतकात इकडे वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावर वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळातली लेणी कोरली जात होती. अजिंठ्याची काही लेणी सातवाहनांच्या काळातली, इसवीसनापूर्वीची आहेत. पण आज आपण ज्यांच्यासाठी फर्दापूरच्या तिठ्यावर बसची वाट बघतो, ती पद्मपाणीची, जातकांची, छतावरच्या वेलबुट्ट्यांची लेणी या दुसऱ्या बहरातली. त्या छतांवर फळंच फळं आहेत. भिंतींवरच्या गोष्टींतही आहेत. पहिल्या लेण्यात महाजनक जातक रंगवलं आहे. राजाच्या बागेच्या दाराशी आंब्याची दोन झाडं, एक फळलेलं आणि एक वांझ. राजानं हत्तीवर बसून फळलेल्या झाडाचा एक आंबा खाल्ला आणि तो पुढे गेला. मागच्यांनी ते झाड ओरबाडून काढलं. परतताना राजाला दिसलं की फळांचं झाड मोडून पडलं आहे आणि वांझ झाड हिरवंगार उभं आहे. त्याच्या वैराग्याला ते निमित्त पुरलं. सतराव्या लेण्यात महाकपीची कथा आहे. तिची सुरुवातही नदीत वाहत आलेल्या एका फळापासून होते. पाली जातकात ते झाड आंब्याचं आहे, तर आर्यशूराच्या 'जातकमाले'त वडाचं. आंब्यासाठी राजा वानरांवर चालून गेला हे पटतं. वडाच्या फळासाठी कोण चालून जाईल? पण आर्यशूरानं ती फळं ताडगोळ्यांहून मोठी आणि अतिमधुर करून ती अडचण सोडवली आहे.

एवढी प्रस्तावना कशासाठी, तर या प्रकरणात करायचा पदार्थ ऐकून वाचक नाक मुरडणार हे मला माहीत आहे. पदार्थाचं नाव : सीताफळाचा, सुक्या मेव्याचा, न भाजलेला वीगन टार्ट.

टार्ट म्हणजे काय, ते आधी. युरोपात मैदा आणि लोणी मळून उथळ वाटीसारखं कवच भाजतात आणि त्यात फळं किंवा मलईदार सारण भरतात. वर झाकण नसतं. करंजी मिटण्याआधी ताटात ठेवली तर जशी दिसेल, तसं काहीसं. वीगन म्हणजे दूध, लोणी, अंडी, मध यांतलं काहीही नाही. हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी घडवला. न शिजवलेल्या अन्नाची चळवळ त्याहून जुनी आहे. झुरिकचे डॉक्टर बिर्चर-बेन्नर १९०० च्या सुमारास रुग्णांना किसलेलं सफरचंद आणि भिजवलेले ओट देत होते, तेच पुढे 'म्यूस्ली' झालं. आपल्याकडे गांधीजींनी अपक्व अन्नाचा प्रयोग दोनदा केला, १८९३ साली प्रिटोरियात आणि १९२९ साली साबरमतीला. दुसऱ्या वेळी आश्रमातले अनेक जण त्यांच्याबरोबर होते. प्रकृती ढासळल्यावर तो सोडावा लागला आणि तसं त्यांनी मोकळेपणानं लिहिलंही. पुणे जिल्ह्यातल्या उरुळीकांचनला १९४६ साली त्यांनी सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम अजून चालू आहे. या चळवळीतली मंडळी एक लक्ष्मणरेषा पाळतात. अन्न साधारण ४० ते ४८ अंश सेल्सियसच्या वर तापवायचं नाही, कारण त्यापुढे त्यातली विकरं मरतात आणि अन्न 'निर्जीव' होतं. विकरं उष्णतेनं निकामी होतात हे खरं. पण ती आपलं अन्न पचवून देतात हे खरं नाही. जठरातलं आम्ल त्यांची तीच गत करतं. अजिंठ्याच्या मे महिन्यात गच्चीवर ठेवलेलं ताट ही रेषा कोणाच्याही मदतीशिवाय ओलांडतं, ते वेगळंच.

म्हणून मला 'कच्चा टार्ट' हे नाव पसंत नाही. आपल्या भाषेला विचारलं तर ती वेगळं सांगते. संस्कृतात 'पच्' हा एकच धातू शिजण्याला आणि पिकण्याला दोन्हीकडे चालतो. पक्व म्हणजे शिजलेलं, आणि पक्व म्हणजे पिकलेलंही. या एका शब्दापासून आपल्याकडे केवढा गोतावळा तयार झाला आहे : पाक, पक्वान्न, पचन, पक्का, पिकणं, पीक. याच्या उलट 'आम'. आम म्हणजे न शिजलेलं, न पिकलेलं आणि न पचलेलंही. आमवातातला आम हाच. पाली ग्रंथांत भिक्खूनं 'आमक धान्य' स्वीकारू नये असं म्हटलं आहे, तिथलाही हाच. आता बघा, कच्चा तांदूळ आम आहे, कच्ची कैरीही आम आहे. पण झाडावर पिवळा झालेला आंबा? तो पक्व आहे. चूल लागली नसेल, पाक झालेला आहे. आमच्या टार्टमध्ये जे जे जातं, ते या अर्थानं सगळं पक्व आहे.

सीताफळ तर अक्षरशः स्वयंपाकच करतं. झाडावरून काढलेलं टणक फळ दोन-चार दिवस गवतात किंवा धान्यात घालून ठेवलं, की त्यातल्या पिष्टाची साखर होते, गर मऊ पडतो आणि फळ जोरानं श्वास घेऊ लागतं. या श्वसनातून उष्णता बाहेर पडते. आंब्याच्या आढीत हात घातलाय कधी? ऊब लागते. पिकण्याच्या खुणा शेतकऱ्यांना पाठ असतात. सीताफळाचे 'डोळे उघडतात', म्हणजे खवल्यांमधल्या भेगा रुंदावतात आणि तिथे पिवळसर पांढरा रंग दिसू लागतो. त्याआधी तोडलेलं, डोळे मिटलेलं फळ पिकत नाही, काळं पडून वठतं. पाट्यांमधून अशी फळं ग्राहकाच्या गळ्यात मारण्याचा उद्योगही जुनाच आहे.

ऑक्टोबरात फर्दापूरहून अजिंठा गावाकडे घाट चढताना रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या लागतात. या कोरड्या, खडकाळ टेकड्यांवर सीताफळ कुणी न लावता वाढतं. शेळ्या त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत, हे त्याच्या यशाचं अर्धं रहस्य. पुढे बीडच्या सीताफळाला तर भौगोलिक मानांकन आहे. इतकं ते आपलं झालं आहे की अजिंठ्याच्या भिक्खूंनी ते खाल्लं असणार, असं गाइडपासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांना वाटतं. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांना एकोणिसाव्या शतकात भरहुत आणि मथुरेच्या शिल्पांत सीताफळ दिसलं होतं. अजिंठ्याच्या छतावरही ते दाखवणारे भेटतात. पण या झाडाचे जवळचे रानटी भाऊबंद अमेरिका खंडात आहेत. जुन्या संस्कृत साहित्यात त्याला नाव नाही. सीता आणि राम ही नावं आपण नंतर दिली, दोन परदेशी पाहुण्यांना घरचं करून घेण्यासाठी. खवल्याखवल्यांचं फळ शिल्पात दिसलं तर ते कमळाचं फळ असू शकतं, फणसाची बाळकुयरीही असू शकते. बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते सीताफळ पोर्तुगीज जहाजांबरोबर आलं. काजूही ब्राझीलहून त्यांनीच गोव्यात आणला. म्हणजे आपल्या टार्टमधल्या दोन मुख्य गोष्टी लेणीकरांना ठाऊक नव्हत्या.

बाकीच्या होत्या. खजूर तर नक्कीच. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात इराणी आखात आणि ओमानकडच्या बंदरांतून बॅरिगाझाला, म्हणजे भडोचला, खजूर मोठ्या प्रमाणात जात असल्याची नोंद आहे. त्याच ग्रंथात पैठण आणि तेर इथून भडोचला उतरणाऱ्या मालाचंही वर्णन आहे. या वाटा अजिंठ्याच्याच मुलखातल्या. नारळाविषयी तर नाशिकच्या पांडवलेण्यांत लेखच आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात यानं दिलेल्या दानांत नारळाची बत्तीस हजार झाडं मोजली आहेत. पहिल्या लेण्याच्या छतावर इराणी टोप्या घातलेली मंडळी हातात प्याले घेऊन बसलेली रंगवली आहेत. लेण्यांचा अभ्यासक फर्ग्युसन याला त्यांतला एक जण खुद्द इराणचा खुस्रो बादशहा वाटला होता. ते मत पुढे मागे पडलं, पण त्या मुलखातला माल आणि माणसं इथे पोचत होती एवढं ते चित्र सांगतं.

आता टार्टच्या तळाकडे येऊ. या पदार्थाची खरी करामत तिथेच आहे. पीठ नाही, लोणी नाही, भट्टी नाही, तरी कवच उभं राहतं. कशानं? उत्तर गणपतीच्या आरतीनंतर आपल्या तळहातावर पडतं. खिरापत! खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर, खिसमिस किंवा खजूर, असं पाच 'ख'चं पंचखाद्य. त्यातली खडीसाखर वगळून खजूर वाढवला आणि कोरडं मिश्रण मुठीत दाबलं, तर ते दाबल्या जागी राहतं. टार्टचा तळ म्हणजे साच्यात थापलेलं पंचखाद्य.

खजुराच्या वजनात साधारण दोन तृतीयांश साखर असते, आणि तीही बहुतेक ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशी सुटी. फ्रुक्टोजला पाण्याची भारी ओढ असते, म्हणून खजूर वाळूनही चिकट राहतो. बदामात जवळपास निम्मं तेल असतं, सुक्या खोबऱ्यात त्याहूनही जास्त. मेवा भरड दळला की तेलाचा हलका लेप सुटतो आणि खजुराचा चिकटपणा त्या कणांना एकमेकांशी बांधतो. मैद्याच्या कवचात हे काम ग्लुटेन आणि लोणी मिळून करतात. आपल्याकडच्या बाया शेंगदाण्याच्या लाडवाला गूळ घालताना हेच करत आल्या आहेत, आणि परीक्षाही तीच आहे : मूठ वळली पाहिजे. वळली नाही तर एक खजूर आणखी. हाताला तेलकट लागलं तर मिक्सर जास्त वेळ फिरला, त्याला इलाज नाही. त्याचा लाडू करून खाऊन टाकायचा आणि नव्यानं सुरुवात करायची. मिक्सर थांबवत थांबवत, दोन-दोन सेकंद फिरवायचा असतो. खलबत्ता असेल तर उत्तमच, त्यात मेवा तापत नाही.

इथं एक गंमत सांगायलाच हवी. 'अग्निस्पर्श नाही' असा दावा करणाऱ्या या पदार्थांच्या सामानाची जरा चौकशी केली की दावा डळमळतो. खारीक घ्या. ती नुसती उन्हात वाळवलेली नसते. कच्छमध्ये किंवा सिंधमधल्या खैरपूरला अर्धवट पिकलेली फळं आधी पाण्यात उकळतात आणि मग वाळवतात. खजूर चालेल, खारीक बाद. बेदाणा घ्या. सांगली-तासगावकडे द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि एका तेलाच्या द्रावणात बुडवून सावलीत वाळवतात, म्हणजे सालीवरचा मेणाचा थर विरघळून पाणी लवकर उडतं. विस्तव नाही हे खरं, पण 'जसं निसर्गानं दिलं तसं' म्हणणंही कठीण. बदाम? २००१ आणि २००४ साली कॅलिफोर्नियाच्या बदामांतून साल्मोनेलाची साथ पसरल्यावर २००७ पासून उत्तर अमेरिकेत विकले जाणारे तिथले बदाम वाफेनं किंवा दुसऱ्या पद्धतीनं निर्जंतुक करणं सक्तीचं झालं. पाकिटावर तरीही 'कच्चे' असंच छापलेलं असतं.

सगळ्यात मोठा बनाव काजूचा. दुकानातला पांढरा काजू आपण कच्चा म्हणतो. पण काजूच्या कवचात जे तेल असतं, ते कातडीवर फोड आणतं. म्हणून बी आधी वाफवतात किंवा भाजतात, मग फोडतात, मग गर उष्ण हवेत सुकवून त्याची तांबडी साल काढतात. आपल्या हातात पडेपर्यंत तो दोनदा तापलेला असतो. असं तेल काजूच्या खानदानात इतरांकडेही आहे. काजू, बिब्बा, चारोळी, पिस्ता आणि आपला आंबा ही सगळी एकाच आम्रकुलातली मंडळी. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागून फोड आलेल्या कोणालाही याचा पुरावा द्यायला नको. बिब्ब्याच्या तेलानं परीट कपड्यांवर न पुसणारी खूण करत. तोच बिब्बा फोडून आतली गोडंबी काढणाऱ्या विदर्भ-मराठवाड्यातल्या बायांचे हात आजही त्या तेलानं पोळतात. डिंकाच्या लाडवात गोडंबी टाकताना तिचा भाव ऐकून आपण डोळे मोठे करतो. ते हात पाहिले तर भाव कमीच वाटेल.

मला स्वतःला काजूच्या या दोन तापांनी काही फरक पडत नाही. मी टार्ट कुठल्या तत्त्वासाठी करत नाही, सीताफळासाठी करतो. कारण सीताफळाला विस्तव सोसत नाही. त्याचा गर तापवला की वास उडतो आणि कडवट चव येते. कारखान्यांचीही हीच डोकेदुखी आहे. आंब्याचा रस उकळून डब्यात भरता येतो, सीताफळाचा गर गोठवूनच ठेवावा लागतो. बासुंदी करणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. दूध आटवून, पूर्ण निववून, शेवटी ती गर घालते. भट्टीतल्या टार्टमध्ये सीताफळ कधी आलं नाही ते यामुळेच. ज्या फळाला आच चालत नाही, त्याच्यासाठी बिनआचेचा पदार्थ हवा. इतका सरळ हिशेब आहे.

तर आठ इंची, तळ निघणाऱ्या साच्यासाठी : बदाम १०० ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचा कीस ५० ग्रॅम, बिया काढलेला मऊ खजूर १५० ग्रॅम, गोडंबी किंवा चारोळी मूठभर, मिठाची चिमूट. खोबरं गोटा मिळालं तर बघा. ते नारळ न फोडता माळ्यावर महिनोन् महिने ठेवून आतल्या आत वाळवलेलं असतं, गोड लागतं. बदाम आणि गोडंबी भरड करा, खोबरं मिसळा, मग खजूर. मूठ वळली की साच्यात थापा, कडा बोटभर उंच घ्या, वाटीच्या बुडानं दाबून घ्या. हौस म्हणून बदाम रात्रभर भिजवणार असाल तर नंतर पुसून, पंख्याखाली चांगले सुकवा. ओल्या बदामाचा तळ कधीच घट्ट होत नाही. भिजवण्यानं मेवा 'जागा होतो' वगैरे जे सांगतात त्याच्यात फार दम नाही, साल मात्र झटकन निघते. तळावर वितळलेल्या खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवून साचा फ्रिजमध्ये ठेवा. हा हात विसरू नका. सारणातलं पाणी खाली झिरपून तळाचा लगदा होतो, त्याला ही तेलाची भिंत अडवते.

सारणाला १५० ग्रॅम काजू चार-पाच तास भिजवा. उन्हाळा असेल तर भिजणारं भांडंही फ्रिजमध्ये, नाहीतर आंबतं. पाणी निथळून काजू, नारळाचं १०० मिलिलिटर दाट दूध, ५० ग्रॅम खजूर आणि चमचाभर लिंबाचा रस हे सगळं इतकं वाटा की जिभेला कण लागता कामा नये. काजूत चोथा कमी, म्हणून तो लोण्यासारखा वाटला जातो. बदामाला हे जमत नाही. शेवटी ४० ग्रॅम खोबरेल तेल धारेनं घाला. काजूतली प्रथिनं तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवतात. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजतं आणि त्याच्याबरोबर सारणही उभं राहतं. अंडं आणि भट्टी मिळून जे करतात, ते इथं थंडी करते. यामुळेच हा टार्ट मे महिन्यात अजिंठ्याच्या उन्हात बाहेर ठेवाल तर पाचव्या मिनिटाला तो टार्ट राहत नाही, खीर होते. उन्हाळ्यात मराठवाड्याचा केशर आंबा किंवा जळगावची केळी घेऊन हाच प्रकार करता येतो. मग तेलाच्या भरवशावर राहू नका, दोन चमचे सब्जा रसात भिजवून मिसळा. त्याचा बुळबुळीत थर पाणी धरून ठेवतो. केळ्याला लिंबू हवंच, नाहीतर वाढेपर्यंत काळं पडतं. चायनाग्रासचा मोह होईल, पण तो उकळल्याशिवाय विरघळत नाही, म्हणजे नियमभंग.

आता सीताफळ. पाच मोठी, डोळे नीट उघडलेली फळं. गर पुरणाच्या चाळणीवर हातानं चोळा. पुरणयंत्र नको, त्याचं पातं बी खरवडतं. मिक्सर तर मुळीच नको. सीताफळाची बी गिळली तर टणक असल्यानं तशीच बाहेर जाते, पण दळली गेली तर विषारी असते. तिची पूड कीडनाशक म्हणून वापरतात, यावरून काय ते समजा. विनयातला पाचवा तोडगा, बी काढून टाकलेलं फळ, इथं धर्मापेक्षा वैद्यकाला जास्त धरून आहे. गर साधारण अडीचशे ग्रॅम निघेल. लिंबाचे चार थेंब टाकले तर तपकिरी पडत नाही. निम्मा गर सारणात हलक्या हातानं कालवा, सारण तळावर ओता, चार तास थंड होऊ द्या. उरलेला गर वाढताना वरून. दोन दिवसांत संपवा.

संपवा म्हणताना हेही सांगतो, की बारा तुकडे केले तर एकेक साधारण पावणेतीनशे कॅलरींचा होतो, म्हणजे पुरणपोळीच्या जवळपास. 'फळं आणि मेवाच तर आहे' म्हणत लोक तीन तुकडे खातात. आणि सगळंच न शिजवता खायचं ठरवणाऱ्यांविषयी १९९९ साली जर्मनीतल्या गिसेनच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला पाचशेहून अधिक लोकांचा अभ्यास बघावा. दीर्घकाळ असा आहार घेणाऱ्यांचं वजन खूप घटलं होतं, आणि पंचेचाळीसच्या आतल्या सुमारे तीस टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती. विस्तवानं माणसाचं भलं केलं आहे. गाजरातलं कॅरोटीन, टोमॅटोतलं लायकोपीन शिजल्यावरच अंगाला अधिक लागतं. क जीवनसत्त्वाचं उलट.

पहिल्यांदा हा टार्ट केला तेव्हा शेजारच्या मावशींना बशीत तुकडा दिला. त्यांनी तळ बोटानं उकरून चाखला. म्हणाल्या, "खिरापत आहे की ही. आणि वर बासुंदी." मग त्यांची नजर ओट्यावर गेली. वाटीत काळ्याभोर, चकचकीत बिया पडल्या होत्या. मी सहज मोजल्या होत्या, एकशे ब्याऐंशी.

"टाकू नकोस त्या," मावशी म्हणाल्या. "वाळवून कुटते. नातीच्या डोक्यात उवा झाल्यात."

डोळ्यांत गेलं तर फार वाईट, असं मी म्हटलं.

"ते तू मला सांगणार?" असं म्हणून त्यांनी वाटी पदरात उपडी केली.